चौरस चित्र, आयताची चौकट

पत्र थोडक्यात असं: "नव्या घरात सोफ्यामागची दहा फुटी भिंत दोन महिने कोरी आहे. एका ऑनलाइन दुकानात फ्रेम केलेल्या तीन प्रिंट्सचा सेट मनात भरलाय. पहिल्यात ॲग्नेस मार्टिनची फिक्या रेघांची जाळी, दुसऱ्यात जोसेफ आल्बर्सचे एकात एक पिवळे चौकोन, तिसऱ्यात बदामी रंगाचं वर्तुळ आणि खाली एक काळी रेघ. तिसऱ्याला कलाकाराचं नाव दिलेलं नाही. प्रत्येक चित्र ४० बाय ५० सेंटिमीटर. 'म्युझियम क्वालिटी, झिक्ले प्रिंट, शंभर वर्षं रंग टिकणार, मर्यादित आवृत्ती, प्रमाणपत्रासह' असं लिहिलंय आणि किंमतही तशीच आहे. नवरा म्हणतो, चार रेघा तर आहेत, फोटोच्या दुकानातून छापून आणतो. जाऊबाई म्हणतात, नक्कलच लावायची तर लावायचीच कशाला. मला मात्र काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात पाहिलेलं मार्टिनचं मूळ चित्र विसरता येत नाही. पंधरा मिनिटं तिथेच उभी होते. तसं काहीतरी घरात हवंय. सेट घेऊ का?" खाली सही: कोऱ्या भिंतीची मालकीण.

प्रिय मालकीणबाई,

हा सेट घेऊ नका. चित्र जरूर घ्या, पण हा सेट नको. कारण तुमच्याच पत्रात आहे, आणि कागद-शाईच्या चौकशीआधीच ते निकाल लावून टाकतं: ४० बाय ५०.

मार्टिनबाईंची जाळीची मोठी चित्रं चौरस असतात. १९६०च्या दशकात त्यांनी सहा फूट बाय सहा फुटांचा कॅनव्हास धरला तो पुढे कितीतरी वर्षं सोडला नाही. उतारवयात एवढं मोठं धूड एकटीला हलवता येईना, तेव्हा पाच बाय पाचवर आल्या. चौरस मात्र सुटला नाही. आल्बर्सच्या मालिकेचं तर नावच 'होमेज टू द स्क्वेअर', म्हणजे चौरसाला वंदन. १९५० साली सुरू केलेली ही मालिका १९७६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालू होती. हजारावर चित्रं, सगळी चौरस. मग ही दोघं ४० बाय ५०मध्ये मावली कशी? वर-खाली पांढरी पट्टी सोडून चौरस मध्ये ठेवला असेल तर हरकत नाही. पण विक्रेत्याच्या फोटोवर फूटपट्टी धरून बघा. चित्र फ्रेमच्या चारही कडांना भिडलेलं असेल, तर बाजूंनी त्याचा पाचवा हिस्सा कापलाय असं समजा. (किंवा ताणलंय. तेही मी पाहिलंय.)

एवढ्याशा कापाकापीने काय बिघडतं, असं नवरा विचारेल. मार्टिनबाईंच्या जाळीतली घरं बहुधा चौरस नसतात, आयताकृती असतात. चौरसाचा आकार फार भारदस्त. आतले आयत त्याचं वजन हलकं करतात, असा त्यांचा हिशोब होता. चौरसात आयत, एवढीच त्यांची खेळी. आयतात आयत ठेवले की उरतो हिशेबाच्या वहीचा कागद. आल्बर्सच्या चित्रात आतले चौकोन बरोबर मध्यावर नसतात, खाली सरकलेले असतात. खालची मोकळी जागा एक, तर बाजूची दोन आणि वरची तीन, असं ते प्रमाण. म्हणून तर ते चौकोन बसल्यासारखे, वजन असल्यासारखे वाटतात. बाजू कापल्या की हे माप मोडतं, आणि मग ती नुसती रंगीत खोकी होतात.

ज्याला ही गोष्ट खटकली नाही, त्याने छपाईत बारकाई केली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता 'चार रेघा तर आहेत' याकडे वळू, कारण सगळी मेख तिथेच आहे. चित्रात खूप काही असलं की चुका लपतात. झाडीच्या चित्रात हिरवा रंग थोडा निळ्याकडे झुकला तर कोणाच्या बापाला कळतं? पण चित्रात दोनच करडे रंग असतील आणि त्यातला एक गुलाबीकडे गेला, तर अर्धं चित्र बिघडलं. मोठ्या सपाट रंगावर प्रिंटरच्या नळ्यांचे आडवे पट्टे दिसतात. पेन्सिलची केसाएवढी रेघ कमी दर्जाच्या फाइलमध्ये पायऱ्यापायऱ्यांची होते, नाहीतर तिच्याभोवती पांढरट कडा येते. दाट जाळीचा फोटो काढला की कॅमेरा आणि जाळी यांचं भांडण होऊन मूळ चित्रात नसलेल्या लाटा उमटतात. बारीक पट्ट्यांचा शर्ट टीव्हीवर जसा लवलवतो, तसं. थोडक्यात, भरगच्च चित्राची बरी प्रत काढणं सोपं आणि रिकाम्या चित्राची काढणं महाकठीण.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ॲड राइनहार्टच्या काळ्या चित्राची फ्रेम केलेली प्रत मागवली होती. १९६० ते १९६७, म्हणजे जवळजवळ मरेपर्यंत, हा माणूस पाच फूट बाय पाच फुटांची काळी चित्रं रंगवत राहिला. पहिल्या नजरेला नुसता काळा चौरस. पाचएक मिनिटं थांबलं की त्यात नऊ चौकोन दिसू लागतात: एक काळा लालसर, एक निळसर, एक हिरवट. पृष्ठभागावर जराही चकाकी राहू नये म्हणून तो रंगातलं तेल काढून टाकायचा. माझ्या घरी आलं ते काय? चकचकीत काचेमागे एकसारखा काळा कागद. नऊ चौकोन छपाईतच बुडाले होते, आणि काच आरशासारखी. दोन वर्षं मी त्या चित्रात ट्यूबलाइट आणि स्वतःचं तोंड पाहिलं. पाहुणे आले की त्यात केस ठीक करायचे. विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागे चिकटवलेलं होतं. ते अजून शाबूत आहे.

तेव्हा जाहिरातीतल्या शब्दांचं बघू. 'म्युझियम क्वालिटी' असा कुठलाही दर्जा कुणी ठरवून दिलेला नाही. कोणीही लिहू शकतो. 'झिक्ले' हा शब्द ऐकायला जुन्या युरोपीय कारागिरीचा वाटतो, पण तो १९९१ सालचा आहे. कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्स या छापखान्यात जॅक डुगान नावाच्या छपाईकाराने तो काढला. महागड्या इंकजेट यंत्रावरच्या कलाछपाईला 'इंकजेट' म्हणणं त्याला फिकं वाटत होतं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फवारणं, चिळकांडी उडवणं. त्या सुरुवातीच्या काळातल्या शाया तर काही वर्षांत उडायच्या. म्हणजे या शब्दातून एवढंच कळतं की शाई फवारली. ती कुठली आणि कशावर, हे विचारायचं आपण.

शाई पिगमेंटची हवी, डायची नको. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, डाय म्हणजे विरघळलेला रंग. कण उजेडाला जास्त दाद देत नाहीत. 'शंभर वर्षं' हा आकडा कुठून येतो तेही सांगते. प्रखर दिव्याखाली प्रिंट ठेवून ती किती झपाट्याने फिकी पडते ते मोजतात आणि त्यावरून घरातल्या उजेडाचा हिशोब लावतात. या चाचण्यांमध्ये हेन्री विल्हेम यांचं नाव मोठं. त्यांच्या हिशोबात प्रिंट काचेमागे, ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेडात, रोज बारा तास टांगलेली धरलेली असते. खरी संग्रहालयं कागदावरची चित्रं साधारण ५० लक्समध्ये दाखवतात, आणि तीही काही महिन्यांनी उतरवून अंधारात ठेवतात. तुमच्या भिंतीवर दुपारचं थेट ऊन येत असेल तर उजेड हजारोंनी मोजायचा. तिथे शंभर वर्षांची गोष्ट विसरा आणि चित्रासाठी दुसरी भिंत शोधा.

पण कागद हा माझ्या मते शाईपेक्षाही मोठा विषय, आणि अशा चित्रांच्या बाबतीत तर फारच. कारण इथे कागदाचा पांढरा हाच चित्रातला सर्वांत मोठा रंग असतो. स्वस्त कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालतात. कपड्यांना नीळ देतो त्यातलाच प्रकार, फक्त हे रसायन अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. दुकानात कागद लखलखतो. काही वर्षांत रसायन दमतं आणि कागद पिवळट दिसू लागतो. यात एक गंमत आहे, जी फार थोडे विक्रेते सांगतात: अशा कागदावर अतिनील किरण अडवणारी महागडी काच लावली, तर पहिल्याच दिवशी तो शुभ्रपणा गायब, कारण रसायनाला लागणारा खुराकच काचेने तोडलेला असतो. म्हणजे दोन्हींचे पैसे द्यायचे आणि मिळणार साय-रंगाचा कागद. खोट्या नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठे मिळाला तर काळोखात कागदावर धरा. निळा झगमगला तर रसायन आहे. मंद, मातकट राहिला तर नाही.

तुम्हाला हवा शंभर टक्के सुती कागद, चमकरसायनाशिवाय, साधारण ३०० ग्रॅम वजनाचा, मॅट. तो सुरुवातीपासूनच किंचित उबदार पांढरा असतो. तो पांढरा तुमच्या भिंतीच्या पांढऱ्याशी जुळणार नाही, आणि जुळायला नकोच.

कॅनव्हासवरची छपाई टाळा. मूळ कॅनव्हासचा फोटो पुन्हा कॅनव्हासवर छापला की एक विणकर फोटोतला आणि एक खरा, असे दोघे एकाच जागी काम करताना दिसतात. त्यात 'गॅलरी रॅप' म्हणून चित्राच्या कडा लाकडी चौकटीवर दुमडतात. ज्या चित्रात कड हीच महत्त्वाची, त्याची कड भिंतीकडे तोंड करून बसते.

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत नाजूक वाक्याकडे येते: पंधरा मिनिटं उभी होते. ते काय होतं, याचा मी बराच विचार केला. सहा फुटांचा चौरस म्हणजे आपण हात पसरून उभे राहिलो तर साधारण तेवढी जागा. लांबून ते धुकं दिसतं, जवळ गेलं की धुक्याच्या रेघा होतात, अगदी जवळ गेलं की पेन्सिल कॅनव्हासच्या धाग्यावरून उड्या मारत गेलेली दिसते. तुम्ही पुढे-मागे झाला असणार. त्या पुढे-मागे होण्यातच पंधरा मिनिटं गेली. ४० सेंटिमीटरच्या प्रतीसमोर तसं होत नाही. रेघा रेघाच राहतात, नाहीतर छपाईत विरून जातात. बार्नेट न्यूमनचं १९५०-५१चं लाल चित्र, 'व्हिर हिरोइकस सब्लिमिस', २४२ बाय ५४२ सेंटिमीटरचं आहे. १९५१च्या प्रदर्शनात त्याने भिंतीवर सूचना लावली होती की मोठी चित्रं लांबून बघायची सवय असते, पण इथे जवळून बघणं अपेक्षित आहे. सोफ्यावर टांगलेल्या त्याच्या साठ सेंटिमीटरच्या प्रतीत जवळ जाऊन बघायचं काय?

म्हणून माझा सल्ला असा: जे मुळातच लहान आणि कागदावर जन्मलं, ते घ्या, आणि मूळ मापातच घ्या.

आणि तुमचं नशीब चांगलं, कारण मार्टिनबाईंचंच असं काम आहे. १९६७ मध्ये त्यांनी चित्र काढणं थांबवून न्यूयॉर्क सोडलं होतं. त्या मौनानंतर, १९७३ मध्ये, त्यांनी 'ऑन अ क्लिअर डे' नावाचा तीस स्क्रीनप्रिंट्सचा (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईचा) संच केला. नुसत्या करड्या रेघा आणि जाळ्या, प्रत्येक कागद बारा इंच बाय बारा इंच. इथे हाताचा थरथराट त्यांनाच नको होता, छपाईची निश्चल रेघ हवी होती. म्हणजे मुळातच जे छापलेलं आणि फुटाएवढं, त्याची फुटाएवढी छापील प्रत. मूळ आणि नक्कल यांच्यातलं अंतर याहून कमी क्वचितच होतं. सहा फुटांच्या कॅनव्हासची आठवण त्यातून परत येईल असं नाही म्हणत. पण त्याच बाईचं दुसरं, खरं बोलणं घरात येईल.

आल्बर्सचंही असंच. 'होमेज'मधली काही चित्रं सोळा इंचांची, म्हणजे चाळीस सेंटिमीटरची आहेत, तर मोठी चार फुटांपर्यंत जातात. सोळा इंचीच निवडलंत तर माप तंतोतंत. त्याशिवाय त्यांनी छपाईतही पुष्कळ काम केलं. १९७२च्या 'फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन' या संचात तर १२७ स्क्रीनप्रिंट्स आहेत. फक्त आल्बर्स घेताना रंगाच्या बाबतीत हट्टी राहा. ते बहुतेक रंग ट्यूबमधून थेट, न मिसळता, चपट्या सुरीने लावायचे आणि कुठल्या कंपनीचा कुठला रंग ते चित्राच्या पाठीवर लिहून ठेवायचे. तीन पिवळ्यांपैकी एक हलला की बाकीचे दोन बदललेले दिसतात. हीच तर त्यांची शिकवण होती.

नसरीन मोहमदी यांची शाई-पेन्सिलची रेखाटनंही बघा. ती कागदावरचीच आहेत आणि टेबलावर मावतील अशी. पण त्यांच्या रेघेत हाताचा दाब आहे, कुठे बोटभर गडद, पुढे जवळजवळ नाही. हलक्या छपाईत तो चढउतार सरळ सपाट होतो. म्हणून प्रत बघितल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका. मालेविचचा 'काळा चौरस' (१९१५) आणि 'पांढऱ्यावर पांढरा' (१९१८) ही मिनिमलिझमच्या, म्हणजे कमीत कमी रेघा-रंगांत भागवणाऱ्या कलेच्या, आधीच्या पिढीची, पण दोन्ही जेमतेम ८० सेंटिमीटरची, घरात मूळ मापात सहज टांगता येतील अशी. 'पांढऱ्यावर पांढरा' वाईट छापला तर निव्वळ कोरा कागद येतो, आणि तक्रार काय करायची हेही सुचत नाही. 'काळ्या चौरसा'वर आज तड्यांचं जाळं आहे. कुणी तडे नसलेला गुळगुळीत काळा चौरस विकत असेल, तर तो त्याने संगणकावर काढलेला चौरस आहे. त्याचे पैसे कशाला?

इथेच परवानगीचा मुद्दा. मालेविच १९३५ मध्ये गेले, त्यामुळे बहुतेक देशांत त्यांची चित्रं कोणीही छापू शकतो. आल्बर्स १९७६ला आणि मार्टिनबाई २००४ला गेल्या. कॉपीराइट देशादेशांत मृत्यूनंतर पन्नास ते सत्तर वर्षं, काही ठिकाणी त्याहून जास्तही चालतो. म्हणजे मार्टिनबाईंच्या प्रतीवर कुठेतरी हक्कधारकाचं नाव छापलेलं असायलाच हवं. ते असणं म्हणजे बहुधा फाइलही मूळ चित्राच्या नीट काढलेल्या फोटोवरून आली आहे. नसेल तर कोणीतरी पुस्तकातलं पान स्कॅन केलंय, नाहीतर इंटरनेटवरून उचललंय.

विक्रेत्याला एक मेसेज पाठवा, अगदी साधा: "मूळ चित्राचं माप काय, तुमच्या प्रतीत प्रत्यक्ष चित्राचं माप काय, बाजू कापल्या आहेत का? छापण्याची परवानगी कुणाची? शाई पिगमेंटची की डायची? कागद सुती का, आणि त्यात ब्राइटनर (चमकरसायन) आहे का? फाइल किती पिक्सेलची?" बारा इंची चौरसाला एका बाजूला ३६०० पिक्सेल तरी हवेत, इंचाला तीनशे, हा नेहमीचा हिशोब. जो विक्रेता खरंच हे काम करतो तो आनंदाने उत्तर देईल, कदाचित गरजेपेक्षा लांब. 'मॅडम, म्युझियम क्वालिटी आहे' एवढंच उत्तर आलं तर विषय संपला.

मर्यादित आवृत्ती आणि प्रमाणपत्र यांना एक पैसाही जास्त देऊ नका. कलाकाराने स्वतः छापून घेतलेल्या आणि सही केलेल्या ठरावीक प्रतींना आवृत्ती म्हणतात. मार्टिनबाईंच्या त्या संचाच्या पन्नास निघाल्या होत्या. दुकानदाराने 'मी पाचशेच छापीन' असं स्वतःला दिलेलं वचन ही वेगळी गोष्ट. आणि प्रतीचं प्रमाणपत्र नेमकं कशाचं? ही अस्सल नक्कल आहे, याचं?

तिसरं चित्र, ते बदामी वर्तुळ. ते मिनिमलिस्ट कला नाही, मिनिमल सजावट आहे. वाईट म्हणत नाही. उशीचा अभ्रा छान असतो तसं ते छान असू शकतं. पण त्याच्या मागे मूळ चित्र नाही, मग प्रत कशाची आणि म्युझियम कुठलं? आवडलंच असेल तर अभ्र्याच्या भावात घ्या.

फ्रेमबद्दल माझं मत जरा उलटं आहे. संग्रहालयात जे साहित्य वापरतात ते पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूसाठी असतं. तुमची प्रत पुन्हा मिळेल. तेव्हा जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि स्टार्चची खळ असले सोपस्कार नसले तरी रडू नका. माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, मात्र आम्लमुक्त हवा. त्याच्या खिडकीची तिरपी कापलेली कड आठवतेय? स्वस्त बोर्डाची तीच कड काही वर्षांत विडीच्या डागासारखी तपकिरी होते, आणि सगळं चित्र पांढरं असताना डोळा तिथेच जातो. काच आणि कागद यांच्यात थोडी फट हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. साध्या काचेतून सुमारे आठ टक्के उजेड परत उलटतो. फिक्या चित्राला ते एवढं नडत नाही, गडद चित्राला फार नडतं. माझ्या केस विंचरायच्या आरशाबद्दल सांगितलंच. म्हणून चित्र गडद असेल तर चकाकी मारणाऱ्या काचेवर खर्च करा, फिकं असेल तर तोच पैसा कागदाकडे वळवा. फ्रेमची पट्टी बारीक, साधी, खऱ्या लाकडाची. कोपऱ्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर जोड कच्चा आहे.

तुमच्या दहा फुटी भिंतीवर बारा इंचांचं एकच चित्र हरवेल, हे खरं. 'ऑन अ क्लिअर डे'मधली चार किंवा सहा पानं एका ओळीत, मध्ये चार-चार बोटांचं अंतर ठेवून लावा. ती मुळात संचातली भावंडंच आहेत, एकमेकांशेजारी बोलकी होतात. भिंत तरीही बरीच रिकामी राहील. राहू द्या. आल्बर्स शेजारी नको, तो पिवळा त्या करड्यांना बोलू देणार नाही. त्याला दुसरी खोली.

जाऊबाईंना काय सांगायचं? प्रतीला प्रत म्हणून टांगण्यात लपवण्यासारखं काही नाही. कुणी विचारलं तर "छापील प्रत आहे, मूळ बारा इंचांचंच आहे" एवढं सांगून मोकळं व्हा. लाज वाटायची वेळ येते ती साठ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर ब्रशचे खोटे उंचवटे चढवलेलं, 'हातानं रंगवलंय का हो?' असं विचारायला लावणारं चित्र टांगल्यावर. सोल लेविट हे नावाजलेले कलाकार तर भिंतीवरची बहुतेक चित्रं स्वतः काढायचेही नाहीत. सूचना लिहून द्यायचे, दुसरे लोक भिंतीवर काढायचे. जाऊबाईंना एवढं ऐकवून चहाकडे वळता येईल.

नवऱ्यासाठी मात्र एक काम आहे. बारा इंचांचा जाड सुती कागद, एच पेन्सिल आणि स्टीलची पट्टी द्या. एका सेंटिमीटरच्या अंतराने आडव्या रेघा मारायला सांगा, दाब सगळीकडे सारखा. पाचव्या-सहाव्या रेघेला टोक बोथट होतं, रेघ जाड होते. टोक करून परत सुरू केलं की नवी रेघ जुन्यांपेक्षा बारीक. पंधराव्या रेघेला पट्टी केसभर घसरते. फोटोच्या दुकानाचा विषय तो परत काढणार नाही असं वाटतं. आणि कागद बरा जमला तर तोच फ्रेम करा. मी थट्टा करत नाहीये.

पार्सल आलं की लगेच खिळा ठोकू नका. चित्र एकदा सकाळी खिडकीपाशी आणि एकदा रात्री तुमच्या दिव्याखाली बघा. काही शायांचे करडे दिवसा हिरवट आणि पिवळ्या दिव्याखाली गुलाबी दिसतात. हा दोष रंगीत चित्रात लपतो, इथे नाही लपणार. मग तिरप्या उजेडात काचेच्या आत केस, धूळ अडकली आहे का ते पाहा. कोऱ्या पांढऱ्यावर पापणीचा एक केस मार्टिनबाईंच्या रेघेपेक्षा ठळक दिसतो. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, आणि प्रत्येक फ्रेमला एक नाही, दोन खिळे, पाणसळ लावून. एका खिळ्यावरची फ्रेम दार आपटलं की कलते, आणि आडव्या रेघांचं चित्र अर्धा अंशही कललं तर सोफ्यावर बसलेला माणूस मान तिरकी करून बघू लागतो.

खोका मात्र परत पाठवायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.